बुधवारी आलेली पाटी

पाटी बुधवारी आली आणि पत्र शुक्रवारी. हेच उलटं झालं असतं, तर आमच्या घरातले ते पाच दिवस इतके अवघड गेले नसते, असं मला आजही वाटतं.

ऑक्टोबर महिना होता, सन त्र्याऐंशी. दयाराम पेंटरने पाटी चिखलीला रंगवली आणि खताच्या मेटॅडोरमध्ये, पोत्यांत गुंडाळून अमडापूरला आणली. ओसरीत भिंतीला टेकवून ठेवल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतःच्या हातांनी सुतळ्या सोडल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पिवळ्या रंगावर हिरवी ठळक अक्षरं होती, ‘अन्नपूर्णा कृषी केंद्र’. खाली बियाणे, खते, औषधे. त्याखाली ‘संचालिका : कु. अन्नपूर्णा अर्जुनराव म्हळसणे, बी.कॉम.’ आणि अगदी तळाला, एक बोट उंचीच्या अक्षरांत, ‘संस्थापक : शेषराव म्हळसणे’.

बी.कॉम. तेवढं लाल रंगात होतं.

माझी अन्नपूर्णा तेव्हा सतरा वर्षांची होती आणि चिखलीच्या कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला जाऊन तिला उणेपुरे अडीच महिने झाले होते. माझे यजमान अर्जुनराव गावातल्या हायस्कुलात गणित शिकवत. घरीदारी सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीसुद्धा. मास्तरांनी पाटी दोनदा वाचली आणि वडिलांना हळूच म्हणाले, की आबा, डिग्रीला अजून तीन वर्षं आहेत.

“पाटी दहा वर्षं टिकते,” आबा म्हणाले. “तीन वर्षांसाठी दोनदा रंगवाची का?”

यावर कुणी काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर बोलावंसंही वाटलं नाही. अमडापूरच्या बाजारात तेव्हा दुकानांना देवांची नावं होती, बापांची होती, ‘अँड सन्स’ होते. लेकीबाळीच्या नावाचं दुकान एकही नव्हतं. नाव दिलं असतं तरी चालवायला कुणी दिलं नसतं. आबांनी दोन्ही केलं. दुपारपर्यंत निम्मा बाजार आमच्या ओसरीत येऊन पाटी पाहून गेला. मी चहाची चार आधणं ठेवली आणि एकदाही कंटाळले नाही.

त्या पाटीत एकच माणूस नव्हता. माझा धाकटा दीर, हिंमतराव. बारा वर्षं दुकानात गल्ल्यामागच्या स्टुलावर तोच बसत होता. मॅट्रिकला तीनदा बसून नापासच झाला, पण दुकानाला एक दिवस उशीर केला नाही. आबा त्याच्यादेखतच, अन्नपूर्णेकडे बोट करून, गिऱ्हाइकांना सांगत, “हिंमत विकते. पोट्टी इचारते.”

यातलं ‘विचारणं’ सांगितलं पाहिजे. आमच्या दुकानात चाळीस खणांचं सागवानी कपाट होतं, प्रत्येक खणात एकेक जातीचं बियाणं. आणि आबांची रीत अशी, की माणूस नुसता पैसे घेऊन आला म्हणून त्याला बियाणं मिळत नसे. जमीन काळी का बरड, विहिरीला पाणी कधीपर्यंत, मागच्या साली तिथे काय होतं, बांधाला बाभळी आहेत का. उत्तरं ऐकून आबा कोणता खण उघडायचा ते ठरवत, आणि कधीकधी कुठलाच उघडत नसत. उंद्रीकडचे लोक म्हणत, शेषरावकडे बियाणं घेणं म्हणजे कोर्टात साक्ष देणं. पण येत तिथेच. अन्नू आठ वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की पोत्यांवर बसून हे ऐकायची. बाराव्या वर्षी आबा जेवायला गेले असताना तिने एका अख्ख्या गड्याला परत पाठवलं होतं, तुमच्या रानाला हे चालणार नाही म्हणून. तो शिव्या घालत आबांकडे आला आणि आबांनी त्यालाच चहा पाजला. पाटीचं बी तेव्हाच पेरलं गेलं असावं.

शुक्रवारचं पत्र मास्तरांच्या नावाने शाळेत आलं.

मास्तरांनी मला हे फार उशिरा सांगितलं, म्हणून त्यांच्या बाजूनेच सांगते. जून महिन्यात बारावीचा निकाल लागल्यावर अन्नूने त्यांना वर्तमानपत्रातली एक जाहिरात दाखवली होती. पुण्याकडे यंदाच एक इंजिनिअरिंगचं कॉलेज निघत होतं आणि त्यात कॉम्प्युटरचा वर्ग होता. मास्तरांनी फॉर्म मागवला, भरला, पाठवला आणि घरात कुणाला सांगितलं नाही. त्यांचा हिशेब असा, की नंबर काही लागायचा नाही, पोरीचं मन राहील आणि जुलैत ती निमूट चिखलीला जाईल. जुलैत तसंच झालं. मुलांना प्रमेयं शिकवणाऱ्या माणसाने एवढी एक शक्यता धरलीच नाही, की नंबर लागेल. नवं कॉलेज, सगळंच लांबलेलं. पत्रात लिहिलं होतं, जागा मिळाली आहे, मंगळवारी अकराला पालकासह हजर राहावं, न आल्यास जागा पुढच्याला जाईल.

शिक्षकांच्या खोलीत ते पत्र त्यांनी तीन वेळा वाचलं. म्हणाले, “विमल, आधी अभिमान वाटला आणि लगेच पाटी आठवली. दोन्हींच्या मध्ये श्वास घ्यायलाही वेळ नव्हता.”

शनिवारी दुपारी दुकान बंद करून सगळे ओसरीत बसले. पाटी भिंतीलाच होती. मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं. आमच्या घरची रीत अशी, की ज्याच्याबद्दल बोलायचं त्याने चहा द्यायचा आणि कुणी विचारेपर्यंत तोंड उघडायचं नाही. माझ्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा त्यानेही चहाच दिला होता. अन्नूने कपबशा वाटल्या आणि खांबाला टेकून उभी राहिली. मी आणि माझी जाऊ सिंधू स्वयंपाकघराच्या दाराआड.

आबांनी पत्र हातात घेतलं, वरचा छापील शिक्का न्याहाळला.

“हे मशीन कोणी पाह्यलं हाये?”

त्या ओसरीतल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं, अन्नूनेसुद्धा नाही. मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला. शंभर कारकुनांचं काम एकटं करतं, बँकांत येणार आहे, रेल्वेत येणार आहे. पण ते सांगताना त्यांचाच आवाज बसत चालला होता. सासूबाई म्हणाल्या की शंभर कारकुनांचं काम एक मशीन करील तर ते शंभर जण काय करतील. शेवटी ते म्हणाले, की चिखलीची एसटी सकाळी जाते, संध्याकाळी येते, पोरगी डोळ्यासमोर राहते. आबांनी एवढं केलं आहे, तर बी.कॉम.च बरं.

अन्नूने फक्त त्यांच्याकडे पाहिलं. फॉर्म त्यांनीच भरला होता.

तेव्हा हिंमतराव बोलला. एरवी आबांपुढे तो ‘हाव’पलीकडे जात नसे. त्या दिवशी भलताच मोकळा झाला. पोरगी हुशार आहे, अशी संधी तालुक्यात कुणाला आली, उद्या सगळा जमाना मशीनचाच, दादा, तुम्ही मास्तर असून मागे पाय काऊन घेता. अन्नूचा चेहरा उजळत गेला. काका तिच्या बाजूने असे कधी बोलले नव्हते.

आबा ऐकत राहिले. मग कप खाली ठेवून म्हणाले, “काय बे हिंमत. तुले पोट्टी पुण्याले पाठवाची हाये, का दुकानातून काढाची हाये?”

हिंमतरावाने मान खाली घातली. आबांनी पत्राची घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि उद्या सांगतो म्हणून उठले. जो एकटा माणूस पोरीच्या बाजूने उभा राहिला, त्याच्याच उभं राहण्याने तिची बाजू बुडाली. मी अन्नूकडे पाहिलं तर ती कपबशा गोळा करत होती, अजून चहा उरलेल्यासुद्धा.

स्वयंपाकघरात सिंधू चुलीपुढे बसली. भाकरीचं पीठ मळून मळून तिने त्याचा जीव घेतला. मग म्हणाली, “बाई, मी खोटं बोलणार नाई तुमच्याशी. आम्हाले दुकान पायजे. यांनी बारा वर्षं तिथं काढले. पाटी आली तवापासून हे धड जेवले नाईत.”

मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

“पण पोरीचं चांगलं व्हावं असंबी त्याईले वाटते. तेबी खोटं नाई. दोन्ही एकदमच वाटते माणसाले, त्याले काय करता?”

मी तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं. “मग हेच जाऊन आबांना सांगायला सांग त्यांना. दोन्ही. जसं मला सांगितलंस तसं.”

सिंधूने माझ्याकडे पाहिलं. “अन् तुम्ही? तुम्हाले काय वाटते?”

मी तवा ठेवला. मला काय वाटत होतं ते मी मास्तरांनाही सांगितलं नव्हतं. मला बी.कॉम. हवं होतं. पाटीसाठी नाही, दुकानासाठी नाही. संध्याकाळच्या एसटीतून ती उतरते, फाटकापाशी चपला झटकते, आणि ‘आई, भूक लागली’ म्हणते, एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि आमच्याकडे भुलाबाईची पाळी होती. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी रोज एकेका घरी जमतात, भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्तींपुढे टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखतात. घरधनीण झाकणाचा डबा आणून पोरींच्या कानाशी हलवते आणि पोरी एकेक नाव घेतात. कुणालाच ओळखता आलं नाही तर ते घर जिंकलं.

आमचं घर अकरा वर्षं हरलं नव्हतं. कारण आमच्याकडे खाऊ सासूबाई करत, पण काय करायचं ते आबा ठरवत, आणि ते कपाटाचे मालक. एका साली अंबाडीच्या फुलांची बर्फी होती. एका साली भाजलेल्या टरबुजाच्या बिया. दिवेलागणीला ते ओसरीत खुर्ची टाकून बसत आणि पोरींची फजिती पाहात. गावात हा एकच पुरुष भुलाबाईला हजर असे आणि त्याला कुणी हसत नसे.

गाणी झाली. अन्नू आता मोठी म्हणून मागे बसली होती, गाण्यात होती पण टिपऱ्या हातात नव्हत्या. सासूबाईंनी डबा हलवला. आतून खडखड आली. पोरींनी कल्ला केला. शेंगदाणे, फुटाणे, साखरफुटाणे, बत्तासे, राजगिऱ्याचे लाडू, खारीक, खडीसाखर. प्रत्येक नावाला आबांनी मान हलवली. पंचवीस-तीस नावं झाली, पोरी दमल्या.

“हरलो म्हणा,” आबा म्हणाले.

“मी इचारू?” अन्नू मागून बोलली. “नाव नाई घेणार. नुसतं इचारते. तुम्ही हाव का नाई तेवढं सांगा.”

आबांनी खुर्चीतच जरा पुढे सरकून घेतलं.

गोड आहे का? हाव. धान्याचं आहे का? नाई. झाडाचं? नाई. जमिनीखाली येतं? नाई. मग येलाचं. त्याची भाजी होते? आबा थांबले, मग हाव म्हणाले. आपण खातो तो गर का? नाई.

“कोहळ्याच्या बियांची वडी,” अन्नू म्हणाली. “गुळातली.”

सासूबाईंनी डबा उघडला. पोरींनी जो ओरडा केला तो बाजारापर्यंत गेला असेल. आबा तेवढे हसत नव्हते.

“बुढीनं सांगलं तुले.”

हे सासूबाईंना फार लागलं. पन्नास वर्षांत या घरातली एक गोष्ट मी बाहेर सांगितली असेल तर दाखवा, असं त्या म्हणाल्या, आणि डबा आबांच्या मांडीवर ठेवून आत जायला निघाल्या. त्यांना थांबवायला अन्नूच पुढे झाली. आबांना म्हणाली, की असं करा, तुमच्या चाळीस खणांतला एक खण मनात धरा. कुणालाच सांगू नका. मी सहाच्या आत ओळखते.

“चाळीसातला? सहात?”

“हाव. जास्तीत जास्त सहा.”

पोरी पांगायच्या त्या परत बसल्या. हिंमतराव फाटकाशी उभा होता तो आत आला. आबांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले. मला वाटतं ते कपाटापुढून मनानेच वरपासून खालपर्यंत फिरून आले. मग म्हणाले, धरलं.

“खरिपाचं हाये का?”

“नाई.”

“भाजीपाल्याचं?”

“नाई.”

“डाळीचं?”

“नाई.”

“तेल निघते?”

आबा थोडे सावध झाले. “हाव.”

“मोठं झालं का अंगाले काटे टोचतात?”

आबा उत्तर देईनात. हिंमतराव बोटं मोजत उभा होता, तो म्हणाला, “पाच.” मग आबांनीच मान हलवली, हो म्हणून.

“करडई,” अन्नू म्हणाली. “खालून दुसरी ओळ, उजवीकडून तिसरा खण.”

आता ओरडा झाला नाही. पोरींनाही काहीतरी वेगळं झाल्याचं कळलं असावं. आबा तिला म्हणाले, बस, आणि ती त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. मग आबांनी विचारलं आणि तिने सांगितलं. तिने मागच्या वर्षभरात जमवलेली कात्रणं, एका मासिकातला लेख, हे सगळं तेव्हा बाहेर आलं. ते मशीन काही शंभर कारकून नाही, ती म्हणाली. त्याला दोनच शब्द कळतात, हो आणि नाही. एका प्रश्नात निम्मे खण बंद करायचे, दुसऱ्यात उरलेल्यांतले निम्मे. फक्त ते पापणी लवायच्या आत लाख प्रश्न विचारतं.

“हे तं मी करतो,” आबा म्हणाले.

“हाव,” अन्नू म्हणाली. “मी कुठं शिकली असन मंग?”

आबा काही वेळ डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवत राहिले. “त्या मशीनले कोणतं आधी इचाराचं, हे कोण सांगते?”

“माणूस सांगते. तेच शिकवतात तिथं.”

“अन् बी.कॉममधी?”

“तिथं आलेली उत्तरं नीट लेहून ठेवाले शिकवतात.”

मास्तर तिला दटावायला गेले, की कोणत्याही विद्येबद्दल असं बोलू नये. पण आबांच्या मिशा हलल्या होत्या. मी पाहिलं.

तेवढ्यात हिंमतराव खाली, वडिलांच्या समोर येऊन बसला. सिंधू माझ्या शेजारी दारात उभी होती, तिने माझं मनगट धरलं.

“आबा, काल तुम्ही मले एक गोष्ट इचारली,” तो म्हणाला. “तिचं उत्तर देतो. दुकान मले पायजे. बारा वर्षं झाली, मले पायजेच होतं. तुम्ही कधी इचारलं नाई, मी कधी सांगलं नाई. पण पाटी आहे तशीच लावा. नाव तिचंच राहू द्या. मी स्टुलावर बसतो तसाच बसतो. दुकान नका देऊ मले. पोट्टीले जाऊ द्या.”

हे बोलताना तो कुणाकडेही पाहात नव्हता. आबा मात्र त्याच्याकडे पाहात होते. बारा वर्षांत त्याला इतका वेळ पाहिलं नसेल त्यांनी. पुढे कधीतरी हिंमतराव मला म्हणाला, “वहिनी, त्या दिवशी मले वाटलं आबा आता माझ्या बांधाले बाभळी हायेत का ते इचारतीन.”

आबांनी विचारलं नाही. ते अन्नूकडे वळले. “दुकान सोडाचं तुले वाईट वाटत नाई?”

“वाटते,” ती म्हणाली. “मले दुकान आवडते, आबा. म्हणून तं तीन दिवस झाले सांगाची लाज वाटून राह्यली. पण मले ते शिकाचं हाये.”

मग आबांनी जे केलं ते त्यांनी माझ्या एकोणीस वर्षांच्या संसारात कधी केलं नव्हतं. दाराकडे पाहून, सरळ मला विचारलं. “सूनबाई, तुमचं काय? माय तुम्ही हाये.”

सगळी ओसरी माझ्याकडे वळली. सासऱ्यांशी मी तोवर पदराआडून, दुसऱ्याच्या नावाने बोलत आलेले. मनात संध्याकाळची एसटी होती, फाटकापाशी झटकलेल्या चपला होत्या. आणि समोर ती बसली होती, जिने चाळीस खणांतून पाच प्रश्नांत करडई काढली होती. मला तेव्हा जे वाटलं त्याला अभिमान म्हणतात हे मला माहीत होतं. पण तो इतका जड असतो हे माहीत नव्हतं.

“जाऊ द्या तिला,” मी म्हटलं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसलेलाच पुन्हा पुसला. सासूबाईंनी डब्यातली वडी काढून आधी अन्नूच्या तोंडात घातली, मग आबांपुढे धरली, आणि म्हणाल्या की आता तरी बुढीवरचा आळ परत घ्या. आबांनी वडी खाल्ली. एवढाच माफीनामा त्यांच्याकडून मिळत असे.

सोमवारी सकाळी अन्नू आणि मास्तर निघाले. चिखलीची एसटी, तिथून जालना, औरंगाबाद, पुणे. एक लोखंडी पेटी, एक वळकटी, सिंधूने बांधलेल्या दशम्या. मी चिखलीपर्यंत सोबत जाणार होते. आबा घरी नव्हते. पहाटेच उठून गेले म्हणे, आणि ओसरीतली पाटीही जागेवर नव्हती. अन्नूने काही विचारलं नाही, पण फाटकातून निघताना तिने मागे वळून त्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं.

आम्हाला गल्लीच्या तोंडाशी घेऊन एसटी बाजारात नेहमीच्या जागी, आमच्या दुकानासमोर थांबली. खिडकीतून दिसलं ते असं. पाटी दुकानावर चढली होती. शिडीवर रात्रीच निरोप धाडून चिखलीहून बोलावलेला दयाराम पेंटर, हातात डबा आणि ब्रश. शिडी खालून धरून आबा, धोतराचा सोगा खोचलेला, आणि पलीकडून हिंमतराव. तिथे आधी काय झालं ते मला हिंमतरावाकडून कळलं. पाटीवर दयारामने रॉकेलच्या बोळ्याने संचालिकेची ओळ पुसली होती आणि आबांनी सांगितल्याप्रमाणे तिथे ‘संचालक : हिंमतराव शेषराव म्हळसणे’ लिहिलं होतं. मग आबा म्हणाले, आता पोरीचं नाव, आणि नावापुढे जागा सोड. दयाराम म्हणाला, पाटी भरली, आता नाव बसायला जागा नाही, खाली तुमचं आहे.

“मंग माझं पूस,” आबा म्हणाले.

हिंमतराव नको म्हणाला, दयारामही म्हणाला की संस्थापकाचं नाव कसं पुसायचं. आबा म्हणाले, “मले या बाजारात कोण ओळखत नाई? पूस.”

एसटीच्या खिडकीतून आम्हाला दिसत होती ती हीच तळाची ओळ. संस्थापकाचं नाव होतं तिथे ओला, ताजा रंग चमकत होता, ‘कु. अन्नपूर्णा अर्जुनराव म्हळसणे’. आणि त्यापुढे पिवळी, कोरी जागा. चांगली हातभर.

अन्नूने वाचलं. खिडकीच्या गजावर कपाळ टेकवून बसली. आबांनी शिडी सोडली नाही, हात केला नाही. फक्त हनुवटीने वर पाटीकडे खूण केली, जणू गिऱ्हाइकाला खण दाखवत आहेत.

कंडक्टर उंद्रीचा होता, आबांच्या ओळखीचा. पायरीवर उभा राहून त्याने पाटी मोठ्याने वाचली आणि शेवटाला अडखळला. “बाबा, पोरीच्या नावापुढचं लेहाचं राह्यलं का?”

“राह्यलं नाई,” आबा म्हणाले. “ठेवलं हाये.”

कंडक्टरने पाटीकडे पाहिलं, मग खिडकीतल्या पोरीकडे. आणि घंटीची दोरी त्याने, मला आठवतं, नेहमीपेक्षा जरा उशिराच ओढली.